मुक्काम बर्ड्सव्हिल

घोड्यांची शर्यत पाहावयाची तर ती शहरात पाहावी, असा शहाण्या माणसांचा समज आहे. शहरात हिरवळीची वर्तुळाकार वाट असते, बसावयास छपराखालची जागा असते, आणि पैसे हरल्यावर घरी परतावयास टॅक्सी असते. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी १८६१ पासून नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी जी मोठी शर्यत होते, तिच्यापायी तेथील माणसे हातातली कामे टाकून उभी राहतात असे म्हणतात, आणि त्यात नवल वाटण्यासारखे काही नाही. नवल वाटते ते निराळ्याच शर्यतीचे. जिच्यासाठी तीन दिवस निर्मनुष्य रानातून गाडी हाकावी लागते, जेथे पोहोचल्यावर राहावयास खोली मिळत नाही, जेथली धावपट्टी हिरवळीची नसून वाळलेल्या चिखलमातीची आहे, आणि ज्या गावात एरवी शंभर-सव्वाशेच माणसे नांदतात, अशा ठिकाणी वर्षातून एकदा पाच-सहा हजार माणसे तंबू-बिछाने घेऊन का गोळा होतात? हे कोडे आम्ही कागदावर सोडवू शकलो असतो तर आमच्या कमरेस पुष्कळच सुख झाले असते. पण काही कोडी पाहूनच घ्यावी लागतात.

गावाचे नाव बर्ड्सव्हिल. क्वीन्सलंड प्रांताच्या अगदी नैर्ऋत्य कोपऱ्यात, दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सीमेला जवळजवळ टेकून ते बसलेले आहे. प्रांताची राजधानी ब्रिस्बेन तेथून सुमारे सोळाशे किलोमीटरांवर. पश्चिमेस सिम्प्सनचे वाळवंट सुरू होते. एकामागून एक, समांतर, तांबड्या वाळूच्या टेकड्या क्षितिजापर्यंत गेलेल्या. पूर्वेकडून डायमँटिना नदी येते. क्वीन्सलंडच्या पहिल्या गव्हर्नरच्या पत्नीचे नाव तिला दिलेले आहे. ही नदी समुद्राला मिळत नाही. पाणी असलेच तर ते आतल्या आत, एअर नावाच्या खाऱ्या सरोवराकडे जाते, आणि पुष्कळदा वाटेतच जिरते. २४ डिसेंबर १९७२ रोजी या गावात ४९.५ अंश सेल्सियस उष्णता नोंदली गेली. क्वीन्सलंडात एवढी उष्णता दुसरीकडे नोंदली गेलेली नाही.

मग असे गाव वसलेच कशाला? तर गुरांसाठी. क्वीन्सलंडच्या पुराच्या पाण्यावर वाढणाऱ्या कुरणांत पोसलेली गुरे दक्षिणेकडे मरी येथील रेल्वेपर्यंत हाकत न्यावयाची, ती याच वाटेने. त्या काळी ऑस्ट्रेलियातील प्रांत वेगवेगळ्या वसाहती होत्या आणि सीमा ओलांडणाऱ्या मालावर व गुरांवर जकात पडे. ती वसूल करणारे नाके येथे होते. १९०१ साली वसाहतींचे एक राष्ट्र झाले, जकात उठली आणि गावाची अर्धी रया गेली. पण त्याआधी, १८८२ साली, आसपासच्या गुरांच्या ठाण्यांवरील माणसांनी एकत्र येऊन आपले रोजच्या कामाचे घोडे एकमेकांविरुद्ध पळवले होते. ‘आसपास’ हा शब्द येथे जपून वाचावा. शेजारच्या ठाण्याहून यावयास घोड्यावरून दोन-तीन दिवस लागत. ती शर्यत तेव्हापासून चालू आहे. कधी घोड्यांच्या साथीने २००७ मध्ये, कधी पावसाने २०१० मध्ये, कधी माणसांच्या साथीने २०२० मध्ये ती अडली. पण मोडली नाही.

आता आमच्यासारखा मनुष्य तेथे कसा गेला हे सांगावयास हवे, कारण आमच्या घरात ‘रेस’ हा शब्द उच्चारण्यास बंदी होती. दक्षिणेतल्या एका छावणीच्या शहरात आमचे बालपण गेले. वडील स्वारांच्या पलटणीच्या कचेरीत कारकून होते. घोड्यांशी त्यांचा संबंध कागदापुरता. इतके घोडे आले, इतके निकालात निघाले, इतकी चंदी खर्ची पडली. पण पाहता पाहता कागदावरचे घोडे त्यांच्या डोक्यात शिरले, आणि १९५८ सालच्या एका शनिवारी आईच्या पाच तोळ्यांच्या पाटल्या शर्यतीत गेल्या. त्यानंतर वडिलांनी एक पैसाही लावला नाही, आणि आईने सोन्याला हात लावला नाही. तिच्या हातात अखेरपर्यंत काचेच्या बांगड्याच होत्या. भांडण असे झालेच नाही. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी असली न झालेली भांडणे पाहिली आहेत, त्यांना ती किती वर्षे टिकतात हे सांगावयास नको.

आम्ही तेव्हा अकरा वर्षांचे होतो, आणि आमचे धाकटे बंधू सात वर्षांचे. आम्ही आईची बंदी पाळली. बंधू मात्र जनावरांचे डॉक्टर झाले, आणि चाळीस वर्षांहून अधिक काळ ॲडलेडच्या बाजूला घोड्यांच्या पायांची दुखणी बरी करीत राहिले. निवृत्त झाल्यावर त्यांचे पत्र आले, म्हणजे आताच्या रीतीप्रमाणे फोन आला: “दादा, एकदा ये. बर्ड्सव्हिलला जाऊ. दुसरं काही दाखवायचं नाही मला.” आम्ही नाही म्हणणार होतो. पण आमच्या सौ.नी दुसऱ्या खोलीतून, “आम्ही येतो, भावजी,” असे आम्हांस न विचारता सांगून टाकले. २०२३ च्या ऑगस्टअखेर आम्ही उभयता ॲडलेडला उतरलो.

ॲडलेड ते बर्ड्सव्हिल साधारण बाराशे किलोमीटर. पहिला दिवस गव्हाच्या शेतांतून आणि फ्लिंडर्सच्या डोंगरांच्या कडेने सुखात गेला. दुसऱ्या दिवशी झाडे बुटकी होत होत नाहीशी झाली आणि दुपारी एक गाव आले, त्याचे नाव ‘मरी’. हे नाव ऐकताच सौ.नी नकळत हात जोडले. पटकीच्या दिवसांत ज्या देवीला नारळ फोडले जात, तिचे नाव धारण करणारे गाव सातासमुद्रांपलीकडे भेटावे, आणि तेही इतके ओसाड, हा योगायोग आम्हांस काही रुचला नाही. गाव मात्र निरुपद्रवी निघाले. १८८४ साली येथवर आगगाडी आली होती. आता गाडी येत नाही. जुनी इंजिने फलाटाशी गंजत उभी आहेत.

त्या फलाटापेक्षा आम्ही अधिक वेळ उभे राहिलो ते एका झोपडीवजा मशिदीपाशी. मूळची मशीद केव्हाच पडली. ही तिची आठवण म्हणून उभारलेली प्रतिकृती आहे. ती बांधणारे होते उंटवाले. रेल्वे जेथे संपे तेथून पुढे पीठ, चहा, तार, खिळे, दारू आणि पियानोसुद्धा उंटांच्या पाठीवरून आतल्या ठाण्यांवर जाई, आणि ते उंट हाकणारी माणसे बलुचिस्तान, सिंध, पंजाब, पेशावर या भागांतली होती. गोऱ्यांनी त्या सर्वांना सरसकट ‘अफगाण’ म्हटले. १८६५ च्या अखेरीस टॉमस एल्डर नावाच्या धनिकाने शंभरांहून अधिक उंट आणि तीसेक माणसे जहाजाने आणविली, ती कराचीहून. आणि कराची त्या काळी आपल्या मुंबई इलाख्यात मोडत होती. पुढे मालमोटारी आल्या, उंट मोकाट सुटले, आणि उंटवाल्यांचे काय झाले हे कोणी विचारले नाही. बंधू म्हणाले, “आपल्या इलाख्यातून उंट इकडे आले आणि इकडचे घोडे आपल्या पलटणीत गेले. सौदा बरोबरीचाच झाला म्हणायचा.”

हे घोडे म्हणजे ‘वेलर’. जुन्या छावणीच्या शहरांत वाढलेल्या वाचकांस हा शब्द ठाऊक असेल. न्यू साउथ वेल्स या नावातल्या ‘वेल्स’वरून तो पडला. उंच, रुंद छातीचा, कमी चंदीवर दूर चालणारा हा घोडा शंभर वर्षे जहाजे भरभरून मद्रास, कलकत्ता आणि मुंबईच्या बंदरांत उतरत असे. वडिलांच्या वह्यांत ज्यांची नोंद होई त्यांतले कितीतरी वेलर होते. पहिल्या महायुद्धासाठी ऑस्ट्रेलियाने सुमारे १,३०,००० घोडे परदेशी पाठविले. त्यांतला एकच परत मायदेशी आला, एका जनरलचा ‘सँडी’ नावाचा घोडा. बाकीचे मेले, विकले गेले, गोळी घालून संपविले गेले. काही हिंदी पलटणींकडे वर्ग झाले.

मरीच्या पुढे बर्ड्सव्हिल ट्रॅक लागतो. पाचशे सतरा किलोमीटर. ‘ट्रॅक’ याला रस्ता म्हणणे औदार्याचे आणि पायवाट म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. वर्षातून अनेकदा यंत्राने खरवडून तो सारखा करतात, आणि मग गाड्यांच्या चाकांनी त्यावर धोब्याच्या फळीसारख्या आडव्या वळ्या पडतात. त्या वळ्यांवरून हळू गेले तर हाडे खिळखिळी होतात, वेगाने गेले तर गाडी. बंधूंनी वाहनात दोन जादा चाके, साठ लिटर पाणी, जादा इंधन आणि एक बिनतारी यंत्र घेतले होते. एवढे कशाला, असे आम्ही विचारले तेव्हा त्यांनी थोडक्यात सांगितले: १९६३ च्या डिसेंबरात याच वाटेवर एक कुटुंब, आईबाप आणि तीन मुले, इंधन संपून अडकले. पाणीही संपले. पाचही जणांची प्रेते सापडली. यानंतर पाण्याच्या डब्यांबद्दल आम्ही तक्रार केली नाही, आणि सौ. तर दर मुक्कामी ते मोजू लागल्या.

मैलांगणिक मैल काही नाही, असे प्रवासवर्णनात लिहिण्याची पद्धत आहे. ते खरे नाही. तेथे पुष्कळ काही आहे, पण ते एकेक करून येते. रानकुत्र्यांपासून मेंढ्या राखण्यासाठी घातलेले, पाच हजारांहून अधिक किलोमीटर लांबीचे कुंपण एके ठिकाणी वाट ओलांडते. पुढे सरकारने एके काळी लावलेल्या खजुरीच्या बागेच्या जागी नुसते दगडी घर पडलेले दिसते. मग बोअर: गुरांच्या कळपांसाठी गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात जमिनीत शेकडो मीटर खोल घेतलेल्या विहिरी, ज्यांतून कढत पाणी आपोआप वर येते. मंगेरानी नावाच्या मुक्कामी, म्हणजे एका एकट्या खानावळीपाशी, अशाच बोअरचे पाणी एका डबक्यात साठते. त्यात संध्याकाळी पाय सोडून बसलो तेव्हा बंधूंनी चार्ल्स स्टर्टची गोष्ट सांगितली. या खंडाच्या पोटात समुद्र असणार अशी त्या संशोधकाची इतकी खात्री होती की १८४४ साली निघताना त्याने बरोबर एक होडी घेतली. ती होडी कोरड्या रानातून बैलांनी ओढली. १८४५ मध्ये त्याला समुद्र सापडला तो दगडांचा. तो दगडांचा समुद्र आम्ही तिसऱ्या दिवशी ओलांडला. लाल, वाऱ्याने घोटून गुळगुळीत झालेले, मुठीएवढे दगड दृष्टी पोहोचेल तेथवर पसरलेले. गवताची काडी नाही. सूर्य कलला की सगळा माळ तांब्याच्या परातीसारखा चकाकतो. स्टर्टला हसू नये असे आम्हांस वाटते. पाणी होतेच, ते त्याच्या पायांखाली होते, एवढेच.

गुरुवारी दुपारी बर्ड्सव्हिल आले. गाव म्हणजे एक रुंद रस्ता, काही घरे, १८८४ साली बांधलेले दगडी हॉटेल, आणि त्या हॉटेलाच्या समोरच विमानांची धावपट्टी. एरवी तेथे शुकशुकाट असतो. त्या दिवशी मात्र लहान लहान विमाने कावळ्यांसारखी ओळीने बसली होती, आणि त्यांच्या पंखांखाली लोकांनी तंबू ठोकले होते. नदीच्या काठाने आणि गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत राहुट्या, मालमोटारी, ओढगाड्या, ताडपत्र्या, चुली. आम्ही डोळे मिटून वास घेतला असता तर एखाद्या जत्रेत आलो असेच वाटले असते: धूर, धूळ, घोड्याची लीद, आणि भाजलेले कांदे.

तेथे एक बिछाना वापरतात, त्याला ‘स्वॅग’ म्हणतात. जाड किंतानाची पिशवी, आत पातळ गादी; दिवसा गुंडाळून पट्ट्याने बांधावयाची, रात्री पसरून तिच्यात शिरावयाचे. ही तर आपल्या आगगाडीच्या प्रवासातली वळकटी. होल्डॉल घेऊन मुलाखतीस, लग्नास आणि बदलीच्या गावी गेलेल्या आमच्या पिढीला तिचे अप्रूप ते काय? पण शहात्तराव्या वर्षी जमिनीवरून उठणे ही मात्र वेगळी विद्या आहे, आणि ती होल्डॉलबरोबरच आमच्या हातून सुटली आहे. सकाळी बंधू आणि सौ. दोन्ही बाजूंनी धरून आम्हांस उभे करीत. माश्यांविषयी लिहावयाचे तर स्वतंत्र निबंध लागेल. डोक्यावरून जाळी घेतल्याशिवाय तोंड उघडता येत नाही, आणि जाळी घेतल्यावर चहा पिता येत नाही. या दोन संकटांमध्येच तेथील दिवस जातो.

आमच्या शेजारच्या राहुटीत एक वृद्ध बाई होत्या. नवरा गेलेला, मुलगा गुरांचे ठाणे पाहतो, ठाणे तेथून तीनशे किलोमीटरांवर. सौ.नी बिडाच्या जड तव्यावर थालीपिठे लावली, तेव्हा त्या वासाने त्या आल्या, आणि मग तिन्ही दिवस आल्या. त्या दर वर्षी येतात. शर्यतीचा त्यांना फारसा शौक नाही. त्यांची बहीण उलट्या दिशेच्या ठाण्यावर असते, आणि दोघी बहिणींची भेट वर्षातून एकदा, येथेच होते. पूर्वी दुसरी सोयच नव्हती, आता आहे. पण सवय मोडत नाही, असे त्या म्हणाल्या. त्यांच्या लहानपणी पंधरवड्याने एकदा टपाल येई. ते आणणारा टॉम क्रूज हा मनुष्य त्या मुलखात अजून देवासारखा आठवला जातो. १९३६ पासून वीस वर्षांहून अधिक काळ तो मरीहून बर्ड्सव्हिलला टपाल आणि सामान नेत असे; वाळूत चाके रुतली की लोखंडी पत्रे चाकांखाली घालून पुढे जाई. त्याच्यावर काढलेल्या ‘द बॅक ऑफ बियाँड’ या चित्रपटाला १९५४ साली व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळाले. शेजारीणबाईंना त्या पारितोषिकाचे काही नव्हते. त्यांना आठवत होते ते एवढेच की एकदा पुरामुळे टपाल सहा आठवडे आले नाही, आणि जेव्हा आले तेव्हा आईने पत्रे फोडण्याआधी टॉमला जेवू घातले.

हे ऐकताना आम्हांस वाटले की महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा मुलूख समजावयास जड जाऊ नये. आमच्या शहरात मराठी घरे विखुरलेली. वर्षभर कोणी कोणाच्या घरी जात नाही. पण गणपतीच्या मंडपात चाळीस किलोमीटरांवरून माणसे येतात, आणि आरती संपल्यावरही मंडपाच्या दारात तासभर उभी राहतात. तेथे निमित्त गणपतीचे, येथे घोड्यांचे. घोडा हे दैवत कमी प्रतीचे आहे असे म्हणणाऱ्याने त्या दोघी बहिणींना शुक्रवारी सकाळी एकमेकींकडे चालत येताना पाहावयास हवे होते.

गुरुवारच्या रात्री चुलीपाशी आम्ही तिघेच होतो. आकाशाचे वर्णन करणार नाही; तितके तारे आम्ही जन्मात पाहिले नव्हते, एवढे पुरे. नैर्ऋत्येस, क्षितिजापासून थोडा वर, चार ताऱ्यांचा क्रूस आडवा झाला होता. गोरे लोक त्याला ‘सदर्न क्रॉस’ म्हणतात. ऑस्ट्रेलियाच्या निशाणावर तो आहे. आपल्याकडे त्याला त्रिशंकू म्हणतात, आणि उन्हाळ्यात आमच्या गच्चीवरून दक्षिणेस अगदी खाली तो दिसतो. “बाबांनी दाखवला होता,” बंधू म्हणाले.

“केव्हा?”

“पहाटे. ते मला रेसकोर्सवर न्यायचे तेव्हा.”

आम्ही काही बोललो नाही. बंधूंनीच पुढे सांगितले. पाटल्यांच्या प्रकरणानंतर वडिलांनी शर्यतीच्या दिवशी तिकडे पाऊल टाकले नाही, हे आम्हांस ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते हे की त्यानंतरही दोन-तीन वर्षे, आठवड्यातून एखाद्या पहाटे, दूध आणण्याच्या निमित्ताने ते धाकट्याला सायकलच्या दांडीवर बसवून कुंपणापर्यंत जात. आत नाही; बाहेरच. तेथून घोड्यांचा सकाळचा सराव दिसे. मोतद्दार खरारा करीत असत. वडील बोट दाखवून सांगत: हा कुमैत, हा सब्जा, तो अबलख, तो पंचकल्याणी, हा पुढचा डावा उचलून टाकतो, त्याला काहीतरी दुखते आहे. मग दूध घेऊन घरी.

“आईला माहीत होतं?” आम्ही विचारले.

“दूध नेहमी उशिरा यायचं,” बंधू म्हणाले. “आई कधी विचारायची नाही.”

थोड्या वेळाने ते म्हणाले, “दादा, मला पाटल्या आठवतच नाहीत. मला ते कुंपण आठवतं.”

आम्हांस पाटल्या आठवतात. त्यांचे मोगऱ्याच्या कळीसारखे टोक आठवते, आणि त्या गेल्यावर पोळी लाटताना आईच्या हातांचा जो आवाज बंद झाला तोही आठवतो. एका बापाची दोन मुले, आणि दोघांस दोन बाप मिळाले. बंधूंचा बाप खोटा होता असे आम्ही म्हणणार नाही. पण पहाटेच्या कुंपणाने आईच्या हाताचा हिशेब चुकता झाला असेही आम्ही म्हणणार नाही. त्या रात्री आम्ही तसे म्हणालोही नाही. लाकूड संपत आले होते. बंधूंनी उरलेले ओंडके एकत्र केले आणि आम्ही वळकट्यांत शिरलो.

शर्यतीचे मैदान गावापासून कोसभर आहे. दोन दिवस, शुक्रवार आणि शनिवार, मिळून डझनभर शर्यती. लोखंडी पत्र्यांचे छप्पर, साधे कठडे, आणि कठड्यापलीकडे पिवळट तांबूस मातीची उघडी वाट. माणसांचे पोशाख मात्र पाहण्यासारखे. कोणी इस्त्रीचा सूट घालून आला आहे आणि त्याचे बूट घोट्यापर्यंत धुळीत. कोणी बाई पिसांची टोपी सावरते आहे. तरुणांची एक टोळी सबंध केळ्यांच्या वेषात. बुकी आपापल्या फळ्या लावून, पट्ट्याची पिशवी गळ्यात अडकवून उभे. रॉयल फ्लाइंग डॉक्टर सर्व्हिस म्हणून संस्था आहे, जिचे डॉक्टर १९२८ पासून विमानाने दूरच्या ठाण्यांवर जातात. तिच्यासाठी डबे फिरत होते आणि त्यांत नोटा पडत होत्या. येथे ज्याच्या घरी कधीतरी रात्री ते विमान उतरले नाही असा मनुष्य विरळा, असे शेजारीणबाईंनी सांगितले होते.

घोडे कोठून येतात? शेकडो किलोमीटरांवरून, मालमोटारींतून, दोन-दोन दिवसांचा प्रवास करून. पुष्कळांचे मालकच त्यांचे शिक्षक, मालकाची मुलगीच मोतद्दार. फेरी मारण्याच्या कुंपणात बंधू कोपर टेकून उभे राहिले आणि आम्ही त्यांच्याकडे पाहत राहिलो. सत्तरी ओलांडलेला, पांढऱ्या मिशांचा, इंग्रजीत विचार करण्याची सवय लागलेला हा मनुष्य ओठांतल्या ओठांत मराठीत पुटपुटत होता: कुमैत, कुमैत, तेल्या, सब्जा. चाळीस वर्षे त्याने घोड्यांवर इंग्रजीत उपचार केले असतील. रंग मात्र त्याला एकाच भाषेत येत होते.

शनिवारी मुख्य शर्यत, बर्ड्सव्हिल कप. सोळाशे मीटर. ती लागण्यापूर्वी सौ. उठल्या आणि बुकीकडे चालू लागल्या. आम्ही म्हणालो, “अहो, आईची बंदी आहे.”

“सासूबाईंनी बंदी तुम्हां दोघां भावांना घातली होती,” त्या म्हणाल्या, “मला नाही.” आणि त्यांनी पाच डॉलर एका सब्ज्या घोड्यावर लावले. कारण विचारता, तो गरीब दिसतो, असे कळले.

शर्यत दूरच्या बाजूने सुटली. आधी काहीच दिसले नाही. फक्त मैदानाच्या पलीकडच्या कडेने तांबड्या धुळीचा एक लोट जमिनीला चिकटून पळू लागला. मग त्या लोटाच्या टोकाशी दोन-तीन डोकी दिसली, रंगीत टोप्या दिसल्या. बाकीचे घोडे धुळीच्या पोटात. वळणावर तो लोट आमच्याकडे वळला, आणि पायांखालची जमीन आधी आणि कान मागाहून, असा तो टापांचा आवाज आला. लोक ओरडत होते. आम्हीही ओरडत होतो असे सौ.चे म्हणणे आहे. आम्हांस ते मान्य नाही. पहिले तीन घोडे एकमेकांना घासत कठड्यापुढून गेले, मग मधले, मग धूळ. आणि धूळ खाली बसू लागल्यावर, सगळ्यांच्या मागून, एकटा, अंगभर तांबडा झालेला, मूळचा रंग ओळखूही न येणारा तो सब्जा ऐटीत आला. जणू काही त्याची शर्यत वेगळीच होती. बंधू इतके हसले की त्यांना कठडा धरावा लागला. सौ.नी पावती घडी करून बटव्यात ठेवली. पैसे बुडाले तरी ती फाडावयाची नाही, असे त्यांनी ठरविले होते.

रात्री गावात धुमाकूळ होता. एके काळी येथे फ्रेड ब्रोफी नावाच्या माणसाचा मुष्टियुद्धाचा तंबू लागत असे. ढोल बडवून तो गर्दीतल्या कोणालाही आपल्या मल्लांशी लढावयास बोलावी, आणि लोक जात. आम्ही हॉटेलाच्या दगडी भिंतीशी थोडा वेळ उभे राहून परत फिरलो. चार पावलांवर अंधार होता आणि त्या अंधारात नदीकाठची झाडे. ज्या लोकांची ही भूमी मूळची, त्या वांगकांगुरू आणि यारलुयांडी लोकांनी वाळवंटाच्या टेकड्यांमधल्या खोलगटांत ‘मिकिरी’ नावाच्या विहिरी हातांनी खणून ठेवल्या होत्या, आणि त्यांच्या आधारे जेथे स्टर्टला होडी निरुपयोगी झाली त्या मुलखात ते पिढ्यान्‌पिढ्या राहिले. त्यांच्या हक्काला न्यायालयाची मान्यता मिळाली ती २०१४ साली. शर्यतीच्या छापील कार्यक्रमात सगळे १८८२ पासून सुरू होते. ही छापील कार्यक्रमांची सर्वत्रचीच खोड आहे.

रविवारी पहाटेपासून विमाने उडू लागली. नऊ वाजेपर्यंत अर्धे मैदान रिकामे झाले; चुलींच्या राखेची वर्तुळे, दोऱ्यांच्या खुंट्यांची भोके, आणि माश्या. दोघी बहिणी आपापल्या गाड्यांपाशी उभ्या होत्या. निरोप घेताना त्या एकमेकींना काही म्हणाल्या नाहीत. एकीने दुसरीच्या गाडीच्या चाकांत हवा आहे की नाही ते पायाने दाबून पाहिले, मग दुसरीने पहिलीच्या. दोन्ही गाड्या विरुद्ध दिशांना निघाल्या, आणि त्यांची धूळ कितीतरी वेळ दोन्हीकडे दिसत राहिली.

बंधू तेवढ्यात तबेल्याच्या बाजूला जाऊन आले. एका नालबंदाशी त्यांची जुनी ओळख निघाली होती. हातात एक नाल होता. शर्यतीच्या घोड्याचा, ॲल्युमिनियमचा, पोस्टकार्डाइतका हलका, एका बाजूने झिजलेला. “पुढचा डावा उचलून टाकत असणार,” ते म्हणाले, आणि तो त्यांनी आमच्या हातावर ठेवला.

तो आता आमच्या घरी आहे. बैठकीत आईची तसबीर आहे, त्या भिंतीवर नव्हे. दाराबाहेर, जेथे दूधवाला पिशवी अडकवतो त्या खिळ्याला.